नावेत कोणी बसायचे?

गेल्या मे महिन्यात सुटीसाठी म्हणून नामपूरला मामांकडे गेलो. ओसरीवर पाऊल टाकले आणि भिंतीवरचा बदल एकदम डोळ्यांत भरला. जिथे वर्षानुवर्षे कॅलेंडर टांगलेले असे, तिथे आता नर्मदा नदीचा भला मोठा नकाशा होता. मामांनी स्वतःच्या हाताने काढलेला. नदी निळ्या शाईने, डोंगर तपकिरी खडूने, आणि नदीच्या दोन्ही काठांनी एक तांबडी रेघ. ती रेघ ओंकारेश्वराहून निघे, समुद्राला स्पर्श करून वळे, पार अमरकंटकाला वळसा घाली आणि पुन्हा ओंकारेश्वराला येऊन मिळे. बिचारे कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी गेले होते.

"काय मामा, पुन्हा शाळा उघडलीत की काय?" मी विचारले.

"शाळा नव्हे, सहल! तुझ्या मामीला घेऊन नर्मदेची परिक्रमा करणार आहे. आपल्या गाडीने, स्वतः चालवीत."

आत कुठेतरी भांडे नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवल्याचा आवाज झाला. मामांनी स्वर खाली आणला.

"म्हणजे... तसा विचार चालला आहे."

वाचकहो, हा जो 'तसा विचार चालला आहे', त्याचीच ही हकिगत आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा विचार आज ना उद्या चालणार आहे. पेन्शन सुरू झालेली असते, मुले आपापल्या वाटेला लागलेली असतात, दाराशी एखादी लहानशी गाडी उभी असते आणि एके दिवशी दोघांतले एक जण म्हणते, "जाऊ या का कुठे लांब?" प्रश्न चार-पाच शब्दांचा. पण त्याचे उत्तर द्यायला आमच्या मामा-मामींना पुरते दोन महिने लागले. त्यातला बराचसा काळ मी तिथे साक्षीला होतो, आणि आरंभी तरी, हे कबूल करायला हवे, मी चुकीच्या बाजूचा वकील होतो.

न पाहिलेली नदी

नामपूर हे बागलाणातले, मोसम नदीकाठचे गाव. कांद्याच्या चाळी, डाळिंबाच्या बागा, आणि घराघरांतून ऐकू येणारी अहिराणीची गोड लय. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर. त्यांतला साल्हेर म्हणजे १५६७ मीटर उंचीचा, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला. माझे आजोळ इथले, त्यामुळे लहानपणच्या साऱ्या सुट्या मोसमच्या वाळूत गेल्या.

मामा हायस्कुलात भूगोल शिकवीत. नियमाप्रमाणे ५८व्या वर्षी निवृत्त झाले, त्याला आता पाच वर्षे झाली. त्यांचा एक आवडता धडा होता. मोसमचे पाणी पूर्वेकडे वाहत मालेगावाकडे जाते, गिरणेला मिळते, गिरणा तापीला मिळते, आणि तापी ते पाणी पुन्हा पश्चिमेकडे नेऊन सुरतेपाशी समुद्राला देते. "पोरांनो," ते म्हणत, "तुमच्या गावचं पाणीसुद्धा पूर्वेला जाऊन पश्चिमेला परत येतं. तुम्ही निदान मालेगावपर्यंत तरी जाऊन या!" मग ते तापीवरून नर्मदेवर येत. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधली खचदरी, तिच्यातून पश्चिमेला जाणारी नर्मदा, अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंतची १३१२ किलोमीटर लांबी, आणि त्यांतले अवघे ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याचे, तेही नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. हे आकडे नामपूरच्या दोन पिढ्यांना पाठ आहेत.

आणि गंमत अशी की, ही नदी मामांनी पाहिलेलीच नव्हती! एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर ते इंदूरला गेले होते. मुंबई-आग्रा रस्ता खलघाटाला नर्मदा ओलांडतो. त्या पुलावरून त्यांची बस गेली ती मध्यरात्री, आणि मामांना गाढ झोप लागलेली. "तीस वर्षं जी नदी शिकवली, ती आली तेव्हा मी घोरत होतो," असे ते स्वतःच सांगतात. सगळे हसतात. पण त्या हसण्याखाली त्यांची हळहळ असते, हे मला त्या मे महिन्यात कळले.

परिक्रमेची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने ती एका पिढीच्या मनात रुजवली, जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने पुढच्या पिढीच्या. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र कुठेही ओलांडायचे नाही, चातुर्मासात चालायचे नाही. पायी आणि शास्त्रोक्त करायची तर तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. ज्यांना एवढे साधत नाही ते बसने किंवा मोटारीने करतात. तोही प्रवास तीन-साडेतीन हजार किलोमीटरचा होतो. बडवाणी, खेतिया, शहादा, प्रकाशा, राजपिपळा, अंकलेश्वर असे समुद्रापर्यंत जायचे, पलीकडच्या काठाने महेश्वर, नेमावर, भेडाघाट करीत अमरकंटक गाठायचे, आणि दक्षिण काठाने नर्मदापुरमवरून पुन्हा ओंकारेश्वर.

मामांचा हिशेब वहीत तयार होता. त्यांची गाडी लिटरला सतरा किलोमीटर देते, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आत पेट्रोल. वाहन परवाना पंचावन्नीनंतर पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, तेही झालेले. टायर नवे. सारे ठरलेले. एकच गोष्ट तेवढी राहिली होती, मामींचा होकार.

विरोधी पक्ष

विरोधी पक्ष मोठा होता. पुण्याच्या मुलाचा फोन आला, "बाबा, हौस असेल तर यात्रा कंपनीच्या बसने जा. ड्रायव्हर त्यांचा, स्वयंपाकी त्यांचा. तुम्ही कशाला स्टीअरिंग धरता?" नाशिकच्या मुलीने आठवण दिली की, तीन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. शेजारचे अण्णा म्हणाले, "पंच्याहत्तरीपर्यंत थांबा की! २०२२पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, आणि २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हा हिंडा!" फक्त पलीकडच्या आजी तेवढ्या मामांच्या बाजूच्या. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "माले बी लई चला!"

मामी मात्र यांपैकी कशावरच बोलत नव्हत्या. त्या रोज एक नवे कारण सांगत. आज गुडघे. उद्या गाय कोण बघणार. परवा नातवाची परीक्षा. मामा एकेका कारणाचे निवारण करीत गेले. गाय अण्णांकडे, परीक्षा डिसेंबरात नाहीच, गुडघ्यांना पट्टा. कारण संपले की मामी म्हणत, "बघू."

मराठी घरातल्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

मावंदे

मामींचे मन वळवावे म्हणून मी माझी पोतडी उघडली. प्राध्यापकाची पोतडी म्हणजे दाखले! म्हातारपणी लांबच्या वाटेला लागणे ही काही साहेबाची कल्पना नव्हे, असे मी सुरू केले. आगगाडी नव्हती तेव्हा आपली माणसे काशीला निघत ती परत येऊ की नाही याची खात्री नसताना. देणीघेणी मिटवीत, निरवानिरव करीत, गाव वेशीपर्यंत पोचवायला येई. परत आलाच तर गावजेवण होई. त्या जेवणाला 'मावंदे' असा सुंदर शब्द आहे. गंगेचे पाणी रामेश्वराला न्यायचे आणि सेतूची वाळू प्रयागला आणायची, म्हणजे अर्ध्याहून अधिक देश पायाखाली घालायचा.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले. पण घरी येताना त्यांनी गंगेची कावड आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आले, ते अजून वाचले जाते. आणि आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणजे पंढरीची वारी. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्र्यांबरोबर विठ्ठलाच्या महापूजेचा मान मिळतो तो दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला. दोघांना मिळून. पुढे वर्षभर एसटीच्या मोफत प्रवासाचा पासही दोघांना.

तिकडे ऑस्ट्रेलियात तर निवृत्त जोडप्यांची एक जातच तयार झाली आहे. 'करड्या केसांचे भटके' असे त्यांना म्हणतात. राहत्या घराला कुलूप लावायचे, मोटारीमागे चाकांवरची खोली जोडायची आणि खंडाभोवती फिरणाऱ्या सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरच्या हमरस्त्याला लागायचे. म्हणजे परिक्रमाच की! त्यांची समुद्राच्या काठाने, आपली नदीच्या. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली आपला देश पाहायला मोटारीने निघाला तेव्हा तोही अठ्ठावन्न वर्षांचाच होता. सोबतीला होता त्याचा कुत्रा.

"आणि बायको?" मामींनी विचारले. त्या गहू निवडीत होत्या.

"ती... घरी होती," मी म्हणालो.

मामींनी एक खडा सुपाबाहेर टाकला.

कात्यायनीचा प्रश्न

मी हार मानणारा नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी थेट उपनिषदांत शिरलो. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघाले तेव्हा आपली मालमत्ता त्यांनी दोघी पत्नींमध्ये वाटून द्यायचे ठरवले. मैत्रेयी म्हणाली की, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? आणि तिने ज्ञान मागितले. हा प्रसंग मी वर्गात रंगवून सांगतो. ओसरीवरही रंगवला. तात्पर्य असे की, घराच्या मोहात न अडकता माणसाने मोठे काही मागावे.

मामींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आणि दुसरी?"

"कोण दुसरी?"

"दोघी होत्या म्हणालास ना? दुसरीचं नाव काय?"

"कात्यायनी."

"तिला काय हवं होतं?"

मी क्षणभर गप्प झालो. "ते उपनिषदात नाही, मामी. तिला कुणी विचारल्याचं लिहिलेलं नाही."

"बघ," मामी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

वीस वर्षे मी हा प्रसंग शिकवतो आहे. हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारला नव्हता. नकाशा काढला, टायर घेतले, परवाना वाढवला, गाईची व्यवस्था केली. पण "तुला जायचं आहे का, आणि जायचं तर कसं?" हे मामींना मामांनी विचारले नव्हते, मुलांनी विचारले नव्हते आणि त्यांच्या या विद्वान भाच्यानेही विचारले नव्हते. मुलगा-मुलगी 'जाऊ नका' म्हणत होती, आम्ही 'चला' म्हणत होतो, आणि दोन्ही पक्ष परस्पर मामींच्या वतीने बोलत होते.

त्या संध्याकाळी मामा पाराकडे गेले तेव्हा मी चुलीपुढे पाट घेऊन बसलो आणि विचारले. मामी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एकेक बोलत गेल्या.

"पहिली गोष्ट, तू पुरुष आहेस, तुला कळायचं नाही. प्रवासात मी पाणी पीत नाही. पहाटे निघताना घोटभर चहा, आणि मग मुक्कामापर्यंत काही नाही. कुठे उतरायचं आणि कुणाला सांगायचं? पुरुषांना झाड पुरतं. लग्न झाल्यापासून मी असाच प्रवास करते. एक दिवस जमतं. चोवीस दिवस कसं जमवू?

"दुसरी गोष्ट, यांचं हृदय. गाडी चालवताना यांच्या छातीत कळ आली तर? मला गाडी थांबवतासुद्धा येत नाही. रस्ता परका, भाषा परकी. मी नुसती शेजारी बसून बघत राहू?"

"आणि तिसरी?"

मामींनी चुलीतले लाकूड मागे ओढले. "माझ्या आईला काशी घडली ती वडील गेल्यावर. मुलांनी यात्रेच्या बसमध्ये बसवून दिलं. सगळं बघून आली. आल्यावर मी विचारलं, आई, काय काय पाहिलंस? तर म्हणाली, 'सगळं पाहिलं गं. पण हे बघा, असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.' बायकांना यात्रा घडते ती अशी, नवरा गेल्यावर. मला तशी नको. जायचं तर यांच्यासोबतच जायचं आहे. पण जाताना यांनाच काही होईल, ही भीती वाटते. आता सांग, यावर तुझ्या पुस्तकात काय उत्तर आहे?"

माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते. इतिहासातले दाखले आठवले तेही मामींच्याच बाजूचे निघाले. १७३५ साली पेशव्यांची मातोश्री राधाबाई मोठ्या इतमामाने काशीयात्रेला निघाली, वाटेतल्या राजेरजवाड्यांनी तिचा मान राखला. ती निघाली ती वैधव्यात. नर्मदाकाठी महेश्वरला राहून देशभर घाट आणि धर्मशाळा बांधणारी अहिल्याबाई, तीही एकटीच.

एक मात्र समजले. मामींचे 'बघू' हा नकार नव्हताच. त्यांना मामांपेक्षा काकणभर अधिकच जायचे होते.

गडावरची रंगीत तालीम

रात्री जेवताना मी मामांना सगळे सांगितले, मामींच्या देखतच. मामांचा घास हातात राहिला. "पाणी पीत नाहीस? छत्तीस वर्षं?" एवढेच ते म्हणाले. नंतर कितीतरी वेळ ते भाताची शिते गोळा करीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. आधी सटाण्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि त्या ठीक आल्या तर हरकत नाही म्हणाले. मात्र तास-दीड तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करायचे, रात्री चालवायची नाही, औषधाची वेळ चुकवायची नाही. दुसरे म्हणजे मामींना गाडीत बसवून मोसमकाठच्या मोकळ्या माळावर नेले आणि तिथे त्यांना गाडी थांबवायला शिकवले. चालवायला नव्हे हं! हातब्रेक कुठे, किल्ली कशी फिरवायची, इशाऱ्याचे दिवे कसे लावायचे, १०८ला फोन करून काय सांगायचे, कागदांची पिशवी कुठे. मामी घरी आल्या तेव्हा त्यांच्या पदराला धूळ लागली होती, पण चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हते असे काहीतरी होते.

मग रंगीत तालीम ठरली. सटाणा, कळवण, नांदुरी असे करीत सप्तशृंगीच्या गडावर जायचे आणि संध्याकाळी परत. मी मागच्या सीटवर. पहिल्या तासात मामी दरवाजाची मूठ घट्ट धरून होत्या. कळवणच्या अलीकडे मामा एकाएकी बोलायचे थांबले. मामींनी चटकन त्यांच्या छातीकडे पाहिले आणि हात हातब्रेककडे नेला. मामा म्हणाले, "काही नाही गं, त्या ट्रकवाल्याचा राग आला." आम्ही तिघेही हसलो, आणि ती मूठ तेव्हा सुटली.

वाटेत दोनदा पेट्रोल पंपावर थांबलो. मामा स्वतः उतरून स्वच्छतागृह आहे का, दाराला कडी आहे का, पाणी आहे का, हे पाहून आले आणि मग मामींना हाक मारली. छत्तीस वर्षांच्या संसारात हे काम त्यांनी प्रथमच केले असावे. गडावर २०१८ सालापासून रुळांवरची ट्रॉली झाली आहे, तिने वर गेलो, त्यामुळे गुडघ्यांचेही कारण मिटले.

पण मला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. घरी ही दोघे फारशी बोलत नाहीत. भांडण नाही, पण मामा ओसरीवर, मामी आत, मध्ये भिंत. बोलणे होते ते दूध, वाणी आणि वीजबिल यांचे. गाडीत मात्र दोघेही शेजारी शेजारी बसून समोर पाहतात. एकमेकांकडे पाहायची सक्ती नाही, उत्तराची घाई नाही. मामी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी आपण गडावर आलो होतो, तेव्हा तुम्ही माझ्यापुढे दहा पायऱ्या चालत होता." मामा जरा वेळाने म्हणाले, "तेव्हा बाबा बरोबर होते. बायकोबरोबर चालायची लाज वाटायची." पुन्हा पाच मैल शांतता. मागे बसून मला उगाच चोरासारखे वाटले.

अटी

घरी आल्यावर मामींनी कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि त्यावर अटी लिहिल्या. त्या मी उतरवून घेतल्या आहेत. दिवसाला दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक नाही. तीन दिवस प्रवास, चौथ्या दिवशी मुक्काम. त्या दिवशी कपडे धुवायचे आणि काहीही बघायला जायचे नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाचे ठिकाण गाठायचे. तास-दीड तासाला थांबायचे. रोज रात्री मुलांना एक फोन, अधिक नाही, आणि त्यांचे सल्ले ऐकायचे नाहीत. पेन्शनचे, बँकेचे आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत, पिशवी मामींकडे. आणि शेवटची अट अशी की, दोघांपैकी कुणीही 'परत' म्हणाले तर दुसऱ्याने कारण न विचारता गाडी वळवायची.

या शेवटच्या अटीवर मामा जरा घुटमळले. "अमरकंटक दहा मैलांवर असलं तरी?"

"असलं तरी."

मामांनी सही केली. मामींनी बोटांवर मोजले. साडेतीन हजार किलोमीटर, दिवसाला दोनशे, म्हणजे अठरा दिवस, पाच मुक्कामाचे आणि एक नावेचा. चोवीस दिवस.

"नावेचा?" मी विचारले.

नावेत कोणी?

इथे नकाशापाशी एक गाठ होती, आणि ती मामांनी दोन महिने कुणाला दाखवली नव्हती. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. मग दक्षिण काठावरून उत्तर काठावर जायचे कसे? तर नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखापुढून, नावेने. दक्षिणेकडच्या विमलेश्वराहून भरती-ओहोटीची वेळ साधून नाव सुटते आणि काही तासांनी उत्तरेकडच्या मिठीतलाईला लागते. ते ओलांडणे ठरत नाही, वळसाच ठरतो. पण नावेत माणसे बसतात, मोटार बसत नाही. मोटार अंकलेश्वराला मागे आणून भरूचच्या पुलावरून पलीकडे न्यावी लागते. यात्रा कंपनीच्या बसला ड्रायव्हर असतो, तो नेतो. मामांच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे मामाच. पूल ओलांडला की परिक्रमा खंडित!

"मग तुम्ही काय ठरवलंत?" मी विचारले.

मामा नकाशाकडे पाहत म्हणाले, "त्यात काय? हिला नावेत बसवायचं. बरोबर यात्रेकरू असतातच. गाडी मी पुलावरून नेतो आणि पलीकडे उभा राहतो."

"म्हणजे तुमची परिक्रमा मोडणार," मामी म्हणाल्या.

"मोडू दे. नदी तर दिसेल ना! दर वर्षी मी दिंडीबरोबर पंढरपूरला जात होतो, तेव्हा घर, म्हातारी माणसं, गाय, सगळं तूच बघत होतीस. माझ्या साऱ्या वाऱ्या तुझ्या खांद्यावरून झाल्या. एक तुझी पुरी होऊ दे."

ज्या माणसाने ती तांबडी रेघ दोन वर्षे खोडून-खोडून काढली होती, त्याने ती स्वतःपुरती भरूचला तोडून ठेवली होती. आणि मामींना आधी सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर त्या मुळीच आल्या नसत्या.

मामी काही बोलल्या नाहीत. पदराने नकाशावरची धूळ पुसावी तसा त्यांनी समुद्रावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अर्धी-अर्धी परिक्रमा काय कामाची? तू गाडी चालवतोस ना? नाशिकहून सुरत एसटीने, पुढे अंकलेश्वर आगगाडीने. दोन दिवसांची रजा काढ. गाडी तू ने पुलावरून. आम्ही दोघं नावेत बसतो."

तो निर्णय त्या क्षणी झाला. मामांनी दोन महिने जे एकट्याने ठरवले होते त्याला काही निर्णय म्हणता येणार नाही. दोघे एकाच नकाशासमोर उभे राहिले तेव्हा तो पाव तासात झाला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अजून भरलेले असतील. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपेल, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नामपूरच्या त्या घरासमोरून एक लहानशी गाडी मालेगावच्या रस्त्याला लागेल. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित चोवीसाव्या दिवशी मावंद्याचे निमंत्रण येईल. कदाचित तिसऱ्याच दिवशी कुणीतरी 'परत' म्हणेल, आणि गाडी वळेल. करार तसा आहे. पण मामींचा फोन आला होता. म्हणाल्या, कॅलेंडर पुन्हा ओसरीवर आणले आहे, नकाशाच्या शेजारी. भिंतीवर दोघांना जागा पुरते.

मी मात्र अडचणीत सापडलो ते कॉलेजात. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. पुष्कळ विचार करून मी खरे तेच लिहिले, 'मामांची मोटार पुलावरून पलीकडे नेणे.' प्राचार्यांनी बोलावून घेतले. "हे काय कारण झालं?" मी त्यांना नकाशापासून नावेपर्यंत सारी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, अर्जावर सही केली. मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सर, त्या मामींच्या अटी तुम्ही उतरवून घेतल्यात म्हणालात ना? मला एक प्रत द्याल का? येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय." जरा थांबून ते म्हणाले, "आणि आमच्या घरी सध्या 'बघू' चाललं आहे."